अंतरमापक आणि आरसाविरहित : दोन कॅमेऱ्यांच्या तुलनेविषयी

बोलीभाषांच्या क्षेत्रीय पाहणीस निघणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणती साधने बरोबर न्यावीत, हा प्रश्न आमच्या विभागात दरवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर निघतो. ध्वनिमुद्रकाविषयी फारसा मतभेद होत नाही. वाद होतो तो कॅमेऱ्याविषयी. आणि त्याला कारणही तसेच आहे. विभागाच्या कपाटात सोनी आल्फा ७ ह्या मालिकेतील तिसऱ्या आवृत्तीचा, २०१८ साली बाजारात आलेला कॅमेरा आहे. आणि प्रस्तुत लेखकाच्या खांद्यास पुष्कळदा लाइका एम ३ हा कॅमेरा लटकलेला असतो, जो जर्मनीतील व्हेट्झलार येथील एर्न्स्ट लाइट्झ ह्या कारखान्याने १९५४ साली प्रथम लोकांपुढे आणला. विद्यार्थी दोहोंकडे पाहतात आणि विचारतात, "सर, ह्यांतला चांगला कोणता?" ह्या प्रश्नास मी आजवर दिलेली उत्तरे परस्परांशी जुळत नाहीत, असे गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने आपली टिपणवही उघडून सप्रमाण दाखवून दिले. तिचा आक्षेप खरा होता. त्याचे उत्तर वर्गात देता आले नाही; म्हणून ते येथे देण्याचा यत्न करीत आहे.

कॅमेऱ्यांची तुलना करणारे लेखन आज विपुल आहे. त्याची रीत ठरलेली असते. एका रकान्यात एकाचे गुण, दुसऱ्यात दुसऱ्याचे, आणि शेवटी गुणांची बेरीज. त्या रीतीने पाहिले तर आमच्या प्रश्नाचा निकाल दोन मिनिटांत लागतो. सोनीच्या संवेदकावर दोन कोटी चाळीस लाखांहून अधिक बिंदू आहेत. तो सेकंदास दहा चित्रे घेतो. विषयावर स्वतःच फोकस साधण्यासाठी त्याच्यापाशी ६९३ स्थाने आहेत. हात कापला तर संवेदक आतल्या आत हलून तो कंप शोषून घेतो. लाइकापाशी ह्यांतले काही नाही. त्यात प्रकाशमापकसुद्धा नाही. एका रोलमध्ये ३६ चित्रे; मग रोल बदलावयाचा, आणि तोही बूड उघडून. वजन मात्र दोघांचेही जवळजवळ सारखे, सहाशे ग्रॅमच्या आसपास. ज्यास केवळ रकाने भरावयाचे आहेत त्याने येथेच थांबावे हे उत्तम. परंतु भाषेच्या अभ्यासकास ह्या तक्त्यांतील पहिली अडचण जाणवते ती आकड्यांत नव्हे, रकान्यांच्या मथळ्यांत.

'मिररलेस', म्हणजे आरसाविरहित, हे नाव पाहा. एखाद्या वस्तूस तिच्यात काय नाही ह्यावरून नाव देणे हे त्या वस्तूविषयी थोडे सांगते, नाव देणाऱ्याच्या सवयीविषयी पुष्कळ सांगते. 'बिनतारी' हा शब्द आपल्याकडे आला तो तारयंत्र रूढ झाल्यावरच. त्रुबेत्स्कॉय ह्यांनी ध्वनिविचारात ज्यास अभावात्मक विरोध म्हटले, म्हणजे एका पदात लक्षण आहे आणि दुसऱ्यात ते नाही एवढ्यावरच उभा राहणारा विरोध, त्याचा हा शब्द नमुना होय. आता गंमत अशी की, ह्या लक्षणाच्या कसोटीवर लाइका एम ३ हाही आरसाविरहितच आहे! भिंगामागे पंचेचाळीस अंशांत उभा असणारा आणि चित्र घेण्याच्या क्षणी उचलला जाणारा आरसा त्यात कधीच नव्हता. तो आरसा होता मधल्या अर्धशतकातील एकभिंगी प्रतिक्षेपी कॅमेऱ्यांत. १९५९ च्या निकॉन एफ नंतर व्यावसायिक छायाचित्रकारांच्या हाती मुख्यतः तेच दिसू लागले, आणि पुढे तेच 'कॅमेरा' ह्या शब्दाचा सामान्य अर्थ होऊन बसले. २००८ साली पॅनासॉनिकने बदलत्या भिंगांचा पण आरसा नसलेला अंकीय कॅमेरा आणला तेव्हा त्याची ओळख ह्या मधल्या पिढीच्या संदर्भात झाली. नातवाचे नाव बापावरून ठेवले गेले. आजोबांची कोणास आठवण झाली नाही.

'फुल फ्रेम' ह्या शब्दाची कथा तर ह्याहून बोधक आहे. ऑस्कर बार्नाक ह्यांनी चलच्चित्राच्या फिल्मवरील १८ गुणिले २४ मिलिमीटरची चौकट दुप्पट करून २४ गुणिले ३६ ची चौकट सिद्ध केली, आणि १९२५ साली लाइप्झिगच्या जत्रेत तिचा कॅमेरा विक्रीस आला. त्या काळच्या काचपट्ट्यांच्या मानाने ही चौकट इतकी लहान होती की जर्मन भाषेत तिला 'लघुचित्र' असेच म्हणत. पुढे अंकीय कॅमेऱ्यांत ह्याहूनही लहान संवेदक आले, आणि त्यांच्या तुलनेत तीच चौकट 'पूर्ण' ठरली. एका मिलिमीटरचाही फरक न होता लघु ते पूर्ण असा अर्थाचा प्रवास झाला. आपल्याकडे ब्रॉयलर येण्यापूर्वी कोंबडीस कोणी 'गावरान' म्हणत नसे; ती नुसती कोंबडी होती. तीच गोष्ट आज 'फिल्म कॅमेरा' ह्या जोडशब्दाची.

हा शब्दांचा काथ्याकूट आहे असे कोणी म्हणेल. तसे नाही. दोन्ही कॅमेऱ्यांत आरसा नाही आणि दोन्हींची चौकट एकच आहे, हे एकदा ध्यानी आले म्हणजे खरा भेद कोठे शोधावा ते कळते. तो भेद छायाचित्रकाराच्या डोळ्यापाशी आहे.

एम ३ च्या पाठीमागे डाव्या कोपऱ्यात एक लहानशी खिडकी असते. तिच्यातून जे दिसते ते भिंगातून आलेले नसते. ती खरोखरीची खिडकी आहे. पलीकडे जग आहे तसे दिसते, आकाराने ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ उघड्या डोळ्यास दिसते तेवढेच. त्या दृश्यावर पांढऱ्या प्रकाशरेषांची एक चौकट तरंगत असते, आणि मध्यभागी एक उजळ आयत. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस ह्या खिडकीपासून सुमारे ६८ मिलिमीटरवर दुसरी एक बारीक खिडकी आहे. तिच्यातून आलेली दुसरी प्रतिमा ह्या आयतात पडते. भिंगाचे कडे फिरविले की आतील दांडी हलते आणि दुसरी प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर नेमक्या बसल्या की अंतर जुळले. शेताची मोजणी करणारा ज्या त्रिकोणाच्या आधाराने दूरच्या झाडाचे अंतर काढतो तोच हा त्रिकोण, केवळ त्याचा पाया तळहाताहून लहान. खिडकी आणि भिंग ह्यांच्या जागा भिन्न असल्यामुळे होणारा पराशयाचा दोष काढण्यासाठी ती प्रकाशरेषांची चौकट अंतराबरोबर आपोआप सरकते. ५०, ९० आणि १३५ मिलिमीटर ह्या नाभ्यंतरांच्या चौकटी भिंग बसविताच आपणहून योग्य ती उमटते. दृश्य पाहणे आणि अंतर मोजणे ही दोन कामे एकाच खिडकीत आणण्याचा मान मात्र लाइकाचा नव्हे. काँटॅक्स २ ने ते १९३६ सालीच साधले होते. लाइट्झच्या कारागिरांनी ते अधिक स्वच्छ केले एवढेच.

येथे एका दंतकथेचा निरास करणे अवश्य आहे. एम ३ ची स्तुती करताना आंरी कार्तिए-ब्रेसाँ ह्यांचे नाव घेण्याची प्रथा आहे. त्यांनी आयुष्यभर लाइका वापरला, बहुधा ५० मिलिमीटरच्या भिंगासह, हे खरेच. परंतु 'निर्णायक क्षण' ही कल्पना ज्या ग्रंथाच्या इंग्रजी नावाने जगभर गेली तो ग्रंथ १९५२ चा आहे, एम ३ च्याही दोन वर्षे आधीचा. १९४८ च्या जानेवारीअखेर दिल्लीत गांधींच्या अंत्ययात्रेची जी चित्रे त्यांनी घेतली तीही अर्थात जुन्या, आट्याच्या भिंगांच्या लाइकावर. त्यात अंतर एका खिडकीतून पाहावयाचे व चौकट दुसऱ्या. तेव्हा यंत्राच्या सोयीतून ती दृष्टी जन्मली असे म्हणणे कालक्रमासच धरून नाही. 'चौकटीबाहेरचेही दिसते' ही दुसरी स्तुतीही जपून घ्यावी. एम ३ मध्ये ५० मिलिमीटरची चौकट खिडकीच्या काठाला इतकी लगटून असते की बाहेर फारच थोडे उरते. बाहेरचे दिसते ते निराळ्या कारणाने: खिडकी डाव्या कोपऱ्यात असल्यामुळे उजव्या डोळ्याने पाहणाराचा डावा डोळा मोकळा राहतो, आणि दोन्ही डोळ्यांची प्रतिमा जवळजवळ एकाच आकाराची असल्यामुळे तो उघडा ठेवता येतो. (डाव्या डोळ्याने पाहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्यास ह्यातला काडीचाही लाभ झाला नाही, हे नमूद केले पाहिजे.)

सोनीचा दृश्यशोधक मध्यभागी, भिंगाच्या अक्षावर आहे. त्यात खिडकी नाही. एक इवलासा पडदा आहे, आणि त्यावर संवेदकाने टिपलेली, यंत्राने संस्कारिलेली प्रतिमा क्षणाक्षणाला उमटत असते. खोली अंधारी असेल तर पडद्यावर ती उजळ दिसते. भिंगाचे छिद्र लहान केले तर त्याचा परिणाम आधीच दिसतो. चित्र काळे पडणार असेल तर ते काळेच दाखविले जाते.

व्याकरणाच्या परिभाषेत सांगावयाचे तर पहिल्यात प्रत्यक्ष कथन आहे आणि दुसऱ्यात अप्रत्यक्ष, असे मी काही वर्षे वर्गात सांगत असे. मराठीत 'म्हणे' हा एक फार सोयीचा शब्द आहे. 'तो आला' आणि 'तो आला म्हणे' ह्यांत बोलणारा आपल्या ज्ञानाचा उगम कोठला ते सांगून मोकळा होतो. एम ३ ची खिडकी सांगते, समोर बाई बसली आहे. सोनीचा पडदा सांगतो, समोर बाई बसली आहे म्हणे. हे विधान टाळ्या घेणारे होते, आणि त्या विद्यार्थिनीने नेमके तेच खोडून काढले. तिचे म्हणणे असे: कथन कशाविषयीचे ते आधी ठरवा. जगाविषयी बोलत असाल तर खिडकी प्रत्यक्ष आणि पडदा ऐकीव, हे मान्य. पण छायाचित्राविषयी बोलत असाल तर गोष्ट नेमकी उलटी होते. खिडकी भिंगातून पाहतच नाही. भिंगाचे टोपण काढावयाचे राहिले तरी खिडकीतून जग लख्ख दिसत राहते, आणि रोल मात्र कोरा जातो. कोणता भाग धूसर होईल, दिव्याची तिरीप कोठे पसरेल, ह्यांतले काहीच खिडकी सांगत नाही. चित्र होईल म्हणे, एवढेच तिचे सांगणे. उलट पडद्यावर जे दिसते तेच, बहुतांशी, चित्र असते.

हा आक्षेप मला पूर्णतः पटला आहे, आणि माझ्या मते दोन्ही कॅमेऱ्यांतील मूलभूत भेद ह्याहून नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही. एक जगाचा साक्षीदार असून चित्राविषयी ऐकीव बोलतो. दुसरा चित्राचा साक्षीदार असून जगाविषयी ऐकीव बोलतो. मग आम्हांस कोणाची साक्ष हवी आहे?

भाषाभ्यासात कॅमेऱ्याचे स्थान काय हे येथे थोडे सांगितले पाहिजे. मेरिंगर आणि शुखार्ट ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी 'शब्द आणि वस्तू' ह्या अभ्यासपद्धतीचा पुरस्कार केला. १९०९ पासून त्याच नावाचे नियतकालिकही निघू लागले. वस्तू पाहिल्यावाचून शब्दाचा इतिहास लिहू नये, हा त्यांचा आग्रह होता. इटली व दक्षिण स्वित्झर्लंडच्या बोलींचा याबर्ग आणि यूट ह्यांचा नकाशासंग्रह १९२८ ते १९४० ह्या काळात प्रसिद्ध झाला. त्यासाठी गावोगाव हिंडणाऱ्या पाउल शॉयरमायर ह्यांनी शब्दांबरोबर नांगर, टोपल्या, चुली ह्यांची छायाचित्रे घेतली. परडी आणि दुरडी, हारा आणि डालगे ह्यांतील भेद कोशातील व्याख्येने जेवढा कळतो त्याहून एका चित्राने अधिक कळतो, हे आपल्याकडेही ज्याने खेड्यात बसून शब्द गोळा केले आहेत त्यास सांगावयास नको.

ह्या कामाच्या दृष्टीने, म्हणजे पुरावा ह्या दृष्टीने, नवा कॅमेरा श्रेष्ठ आहे, ह्यात मला आता संदेह उरलेला नाही. कोकणातील घराच्या माजघरात पावसाळ्याच्या दिवशी किती उजेड असतो ते आठवावे. ४०० संवेदनक्षमतेची फिल्म आणि भिंगाचे छिद्र एफ २ पर्यंत उघडे, असे असूनही जेथे एकअष्टमांश सेकंद शटर उघडे ठेवावे लागते तेथे विणणाऱ्या हाताची केवळ धूसर रेघ उमटते. नव्या कॅमेऱ्याची संवेदनक्षमता ६४०० वर नेली की तेच काम एकशेपंचविसांश सेकंदात होते. हात थांबतो, बोटांमधली कांब दिसते. शिवाय प्रत्येक चित्रावर क्षणाची नोंद असते. कॅमेऱ्याचे घड्याळ ध्वनिमुद्रकाच्या घड्याळाशी सकाळी एकदा जुळवून घेतले की कोणता शब्द उच्चारला जात असता हातात कोणती वस्तू होती हे पुढे दहा वर्षांनीही सांगता येते. माझ्या प्रबंधाच्या वेळी हे असते तर माझे एक वर्ष वाचले असते.

आवाजाचा मुद्दा भाषाशास्त्रज्ञासाठी आणखी निकडीचा आहे. एम ३ चे कापडी शटर मृदू आहे अशी त्याची ख्याती आहे, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या कानास ते तसे असतेही. परंतु हातभर अंतरावरील ध्वनिग्राहकास ते मृदू वाटत नाही. माझ्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे वर्णपट काढले तेव्हा दोन ठिकाणी शटरचा ठोका नेमका स्पर्शवर्णाच्या स्फोटावर पडलेला आढळला. त्या दोन उदाहरणांतील महाप्राणत्वाविषयी मला काहीच म्हणता आले नाही. सोनीचे इलेक्ट्रॉनिक शटर संपूर्ण निःशब्द ठेवता येते. ट्यूबलाइटखाली त्यामुळे चित्रावर आडवे पट्टे येतात, वेगाने हलणारी वस्तू किंचित तिरपी होते, हे दोष आहेत. पण ध्वनिमुद्रण निर्मळ राहते.

मात्र ह्या निःशब्दतेने एक वेगळाच प्रश्न उभा केला. शटरचा ठोका ही एक प्रकारची उक्ती आहे. 'आता घेतला' असे तो समोरच्या माणसास कळवितो. त्याने माणूस सैल होतो, हसतो, नको असेल तर हात आडवा करतो. ठोकाच नाहीसा झाला की आपले चित्र केव्हा घेतले गेले, किती घेतली गेली, हे त्यास कळण्याचा मार्ग बंद होतो. २०२२ च्या पाहणीत एका गृहिणीने मला सहज विचारले, की अजून सुरू केले नाही का? तोवर तिची चाळीसहून अधिक चित्रे घेऊन झाली होती. तिने परवानगी दिलेली होती. नियमाचा भंग झाला नव्हता. तरीही मला तिच्याकडे पाहवेना.

आता जी गोष्ट सांगावयाची ती माझ्याच चुकीची आहे.

२००८ च्या वैशाखात रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावी एक वृद्ध बुरूड माझे निवेदक होते. तीन दिवस त्यांनी मला सूप, रोवळी, हारा, कणगी ह्यांची सगळी नावे आणि त्यांच्या प्रत्येक भागाची नावे सांगितली. त्यांची वाक्ये लहान, आणि शब्द मोजके असत. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वच्छ सदरा घातला आणि काम करताना आपला फोटो काढावयास सांगितले. मी एम ३ ने काढले. खिडकीतून पाहत असता माझा डावा डोळा उघडा होता; ते हाताकडे पाहत, मधून माझ्याकडे पाहत, आणि बोलणे तुटत नसे. त्या दुपारी झाले त्यास मी मुलाखत म्हणणार नाही, ते संभाषण होते. आणि कॅमेरा चेहऱ्यावर असताना संभाषण चालू राहिल्याचा तसा अनुभव मला नव्या कॅमेऱ्याने अद्याप दिलेला नाही. निघताना ते म्हणाले, "मास्तर, तेवढा फोटू धाडा."

एम ३ मध्ये फिल्मचे टोक एका सुट्या रिळाच्या चापाखाली अडकवून ते रीळ तळातून आत सरकवावे लागते. टोक नीट अडकले नाही तर ते निसटते. तरफ ओढली की शटर चढते, आकडा पुढे जातो, ठोका होतो. फिल्म मात्र जागची हलत नाही. वरची गुंडाळण्याची खुंटी फिरते आहे ना, एवढे पाहणे हा त्यावर उपाय, आणि तो मला ठाऊक होता. संभाषणाच्या भरात मी पाहिले नाही. पुण्यास आल्यावर रोल धुतला तो कोरा होता. पुन्हा जाण्याचे मी कार्तिकापर्यंत लांबणीवर टाकले. गेलो तेव्हा ते वारले होते. त्यांच्या घरी त्यांचे दुसरे एकही छायाचित्र नव्हते. आणि मी काढलेले आहे अशा समजुतीने त्यांच्या मुलाने माझ्यापुढे हात केला.

ज्या कॅमेऱ्याने त्या माणसाशी मला बोलू दिले त्यानेच त्याचे चित्र मला दिले नाही. सोनी असता तर चित्र जागच्या जागी दिसले असते, त्यांनाही दाखविता आले असते. जुन्या कॅमेऱ्याविषयी हळुवार लिहिणाऱ्या लेखकांस मी हा एकच प्रश्न विचारतो, की त्या मुलास काय सांगावे? 'फिल्मची शिस्त', 'वाट पाहण्यातील गोडी' हे सगळे छायाचित्रकाराचे सुख आहे. ज्याचे चित्र घेतले त्याच्या वाट्यास त्यातले काय येते?

इतके म्हटल्यावर नव्याची बाजू पूर्ण झाली असे वाटेल. पण त्याच्या सवयींविषयीही बोलले पाहिजे. सोनीचा कॅमेरा माणसाचा डोळा ओळखतो आणि फोकस तेथे नेऊन ठेवतो. व्यक्तिचित्रासाठी हे वरदान आहे. आमच्या कामात ते एक पूर्वग्रह होते. २०१९ साली आमच्या गटाने घेतलेल्या चित्रांत विणणाऱ्या बाईंचे डोळे पापण्यांच्या केसांसह स्पष्ट होते, आणि ज्या गाठीचे नाव टिपावयास आम्ही गेलो होतो ती गाठ छिद्र मोठे असल्याने धूसर. यंत्राचे स्वतःचे एक वाक्यविन्यासाचे मत आहे. त्यात कर्ता नेहमी चेहरा असतो. ही सोय बंद करता येते, आणि केली पाहिजे, पण यंत्रास मत आहे हे ठाऊक असल्यावाचून ती बंद करण्याचे सुचत नाही. लाइकाच्या मधल्या उजळ आयतास डोळा आणि गाठ ह्यांत काही डावे-उजवे नसते; जेथे नेऊ तेथे तो जातो. मात्र खोल अंधारात, किंवा उभ्या रेघा नसलेल्या पृष्ठभागावर, त्याच्याही दोन प्रतिमा जुळता जुळत नाहीत.

आणि विपुलता. एका दिवसात अकराशे चित्रे घेऊन परतलेला गट मी पाहिला आहे. एम ३ वर ३६ चित्रे असत आणि वहीत ३६ ओळी. प्रत्येक ओळीत वस्तू, शब्द, निवेदक. अकराशे चित्रांची वही कोणी लिहिली नव्हती. क्षणाची नोंद होती, पण वस्तूचे नाव ध्वनिमुद्रणात कोठे तरी होते, आणि ते ऐकून जुळविण्याचे काम अजून संपलेले नाही. दोष यंत्राचा नव्हे हे मी जाणतो. सेकंदास दहा चित्रांची सोय ज्याच्या बोटाखाली आहे त्याने ती वापरू नये अशी अपेक्षा करणेही मात्र भाबडेपणाचे आहे.

टिकाऊपणाचा प्रश्न पुष्कळजण अखेरचा म्हणून काढतात. माझा एम ३ तरफ दोनदा ओढावयाच्या जुन्या घडणीचा, म्हणजे १९५८ पूर्वीचा आहे. मामांकडून तो मजकडे आला, आणि विद्युतघटावाचून आजही चालतो. पण त्याच्या दृश्यशोधकातील काचा जोडणारे बाल्सम कालांतराने सुटते आणि एका धक्क्यासरशी खिडकी काळी पडू शकते. शिवाय कोकणच्या पावसाळ्यात भिंगावर बुरशी धरते ती यंत्राचे वय पाहून नव्हे. उदकमंडलमच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू' फिल्म मामांच्या जुन्या खोक्यांवर अजून वाचता येते. तो कारखाना केव्हाच बंद पडला. नव्या कॅमेऱ्याचा विद्युतघट पूर्ण भरल्यावर कारखान्याच्या गणनेनुसार सहाशे ते सातशे चित्रे पुरतो, आणि तो ज्या गावात संपतो तेथे वीज असेलच असे नाही. ह्या बाबतीत मला कोणाचीही बाजू घेण्याचे कारण दिसत नाही.

दोहोंचा मेळ घालण्याचा एक मार्ग सुचविला जातो, तो मी करून पाहिला. लाइकाच्या भिंगाची बैठक फिल्मपासून २७.८ मिलिमीटरवर असते, सोनीची संवेदकापासून १८ वर. मधले ९.८ मिलिमीटर भरून काढणारे एक कडे बसविले की मामांचे ५० मिलिमीटरचे झुमिक्रॉन सोनीवर चढते, आणि चांगले चढते. (रुंद दृश्याच्या जुन्या भिंगांचे मात्र संवेदकापुढील जाड काचेमुळे कोपरे बिघडतात.) चित्रे सुरेख आली. परंतु त्या जोडणीत भिंग जुने राहते आणि पाहणे नवे. डोळा पुन्हा पडद्यावरच जातो, आणि डावा डोळा कॅमेऱ्याच्या पाठीमागे झाकला जातो. मला लाइकाचे जे हवे होते ते त्याच्या भिंगात नव्हतेच, हे ह्या प्रयोगाने कळले.

यंदाच्या गटाबरोबर सोनीचा कॅमेरा जाईल. त्याचे डोळा शोधणे बंद, सेकंदास एकच चित्र. आणि ध्वनिमुद्रण थांबले असेल तेव्हा शटरचा ठोका चालू ठेवावयाचा असे मी ठरवून दिले आहे. प्रत्येक निवेदकास त्याच्या पसंतीचे एक चित्र तेथेच निवडावयास सांगून त्याची कागदावरील प्रत गाव सोडण्यापूर्वी द्यावयाची. त्यासाठी एक लहान छपाईयंत्र विभागाने घेतले आहे. एम ३ मजपाशी असेल. बुरुडांचा मुलगा आता स्वतः हारे विणतो. आमच्या मार्गावर त्याचे गाव आहे. त्याचा फोटो मात्र मी सोनीनेच काढणार आहे.